अध्यक्षांची नेमबाजी

क्लायतेगेमात ओडील हाघेबार्टला त्याच्या नावानं हाक मारणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे त्याची बायको गोदलीव्ह. बाकी सगळं गाव त्याला अध्यक्ष म्हणतं. कशाचा अध्यक्ष, असं चुकूनही विचारू नये. विचारलंत तर तो सांगेल, आणि मग तुमची दुपार गेलीच म्हणून समजा. लांदर पिंकेट पाठीराखे मंडळाचा तो संस्थापक अध्यक्ष. संस्थापकाचा मुख्य गुण त्याच्यात काठोकाठ भरलेला आहे: खुर्चीच्या आसपास दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायचं नाही.

मंडळ सायकल शर्यतीचं आहे, पण साध्या सडकेवरच्या शर्यतीचं नव्हे, क्रॉसचं. ऐन हिवाळ्यात, शेतांचा नुसता राडा झालेला असताना आणि शहाणी माणसं घरात शेगडीपाशी बसलेली असताना, त्या राड्यातून तासभर सायकल हाणायची, चढण आली की ती खांद्यावर टाकून पळायचं आणि माथ्यावर पोचलं की पुन्हा टांग मारायची, याला आमच्याकडे क्रॉस म्हणतात. हे करायला वेड लागावं लागतं. ते बघायला कठड्याशी दिवसभर पाय गोठवत उभं राहायचं, तर वेडाचा दर्जा त्याहून वरचा हवा. ओडीलकडे तो होता.

स्वतः ओडील जन्मात एकदाच शर्यतीत उतरला. तेव्हा तो विशीत होता आणि शर्यत गावजत्रेची होती. चर्चपाशी पहिलं वळण लागतं तिथे बाकीचे वळले, ओडील सरळ गेला आणि सायकलसकट कॅफेच्या उघड्या दारातून आत शिरला. नंतर बाहेर काही आलाच नाही. हा किस्सा तो स्वतः सांगतो तेव्हा त्यात ब्रेकची तार तुटलेली असते. गाव सांगतं तेव्हा तार शाबूत असते आणि ओडीलला तहान लागलेली असते.

पुढची सगळी उमेदीची वर्षं त्यानं भाज्या गोठवायच्या कारखान्यात काढली. तिथे सरकत्या पट्ट्यावरून इवल्या इवल्या कोबीचे ढीग दिवसभर खडखडत जात, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची त्याला सवय लागली. निवृत्त झाला तेव्हा पट्टा कारखान्यात राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. गोदलीव्ह सुरुवातीला सांगून बघायची की ओडील, मी पट्ट्यावरचा कोबी नाही, हळू बोल. मग तिनं तोही नाद सोडला.

या आवाजाला काम मिळालं ते लांदरमुळे. लांदर म्हणजे पिंकेटांच्या डुक्करवाड्यातला धाकटा मुलगा, आखूड मानेचा, रुंद पाठीचा, बोलायला कंजूष. शाळकरी मुलांच्या एका शर्यतीत तो पहिला आला आणि त्याच संध्याकाळी रोझानच्या कॅफेत मंडळ स्थापन झालं. लांदरला कुणी विचारलं नाही. तो घरी डुकरांना खायला घालत होता. मंडळाची जाकिटं हिरवी ठरली, कारण दुकानदाराकडे तोच रंग पडून होता. डाव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘पिंकेट’ छापून घेतलं. अक्षरं एवढी मोठी की पलीकडच्या टेकाडावरून वाचता यावीत, असा अध्यक्षांचा आग्रह होता. पुढे या आग्रहाचा त्याला फार पश्चात्ताप झाला, पण ते पुढे.

लांदर मोठा झाला, व्यावसायिक झाला, पण जिंकला असा कमीच. पाचवा यायचा, सहावा यायचा, चिखल फारच झाला तर तिसरा. चिखलात त्याचं बैलासारखं होतं, हळू जायचा पण थांबायचा नाही. दर रविवारी मंडळाची बस निघायची, आणि शर्यत कुठेही असो, ओडील तिथली सगळ्यात वाईट चढण हुडकून तिच्या माथ्याशी कठडा धरून उभा राहायचा. खालून लांदर सायकल खांद्यावर टाकून यायचा, मान खाली, पापण्यांवर चिखल, आणि वरून ओडीलचा कारखान्यातला आवाज सुटायचा, “डावीकडून, लांदर. डावीकडे घट्ट आहे.” लांदर डावीकडून चढायचा. एकदा कुण्या वार्ताहरानं त्याला विचारलं की एवढ्या चिखलात तुला वाट दिसते कशी. तो म्हणाला, दिसत नाही, ऐकू येते. हे कात्रण अध्यक्षांच्या पाकिटात गोदलीव्हच्या फोटोच्या पुढे आहे.

आता प्लाटेवचं सांगायला हवं. रूबेन प्लाटेव कालव्यापलीकडच्या वार्सेबेकेचा. वार्सेबेकेबद्दल क्लायतेगेमचं मत शांतपणे सांगायचं तर ते लोक बटाट्याचे काप एकदाच तळतात. दोनदा तळायचे असतात हे तान्ह्या बाळालाही ठाऊक असतं, पण त्यांना नाही. असल्या गावात प्लाटेव जन्मला; उंच, देखणा, दह्याच्या जाहिरातीत हसणारा, आणि दर रविवारी जिंकणारा. ओडीलनं त्याला हे कधीच माफ केलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढ्या एका तत्त्वावर आमच्याकडचं सगळं क्रॉस उभं आहे.

प्लाटेव चढणीवर आला की ओडील त्याच्या तोंडावर बिअर फेकायचा. यात त्याला काही गैर वाटत नसे. कठड्याशी उभे राहणारे पुष्कळ जण फेकतात. पण बाकीचे भावनेच्या भरात भरला पेला फेकतात, ओडील हिशोबी माणूस. ताजी बिअर वार्सेबेकेवर घालवायला तो काही खुळा नव्हता. आधी निवांत प्यायचा, तळाशी दोन बोटं ठेवायचा, ती हातात कोमट होऊ द्यायचा आणि मग डाव्या हातानं नेमकी डोळ्यांत मारायचा. डावखुरा होता आणि नेम पक्का होता. प्लाटेव डोळे मिचकावत पुढे जायचा आणि तरीही जिंकायचा. परतीच्या बसमध्ये ओडील सांगायचा की बिअर नसती तर आणखी पुढे असता.

त्या हिवाळ्यात जागतिक अजिंक्यपदाची शर्यत आमच्याच भागात आली, समुद्राच्या बाजूला, बसनं तासाभराच्या वाटेवर. देशाच्या संघात लांदरचं नाव सगळ्यात शेवटी लागलं, तेही एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं म्हणून. लांदर तिशीच्या पुढे गेला होता. अशी संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती, हे तो जाणत होता आणि ओडीलही. मंडळ ज्या दिवसासाठी जन्मलं तो हाच. ओडीलच्या डोक्यात तेव्हापासून दुसरं काही नव्हतं. जेवताना नाही, चर्चमध्ये तर मुळीच नाही.

जागतिक शर्यतीत एक घोळ असतो. एरवी प्रत्येक जण आपापल्या कंपनीच्या भडक जर्सीत पळतो, मैलावरून ओळखू येतो. त्या एका दिवशी मात्र देशातले सगळे एकाच फिक्या निळ्या जर्सीत. प्लाटेवही निळा, लांदरही निळा. संघाच्या प्रशिक्षकानं वर्तमानपत्रातून हात जोडले की बाबांनो, एक दिवस गावं विसरा, निळ्या अंगावर बिअर फेकू नका, समोर डच आहेत.

ओडीलनं मंडळाची खास सभा घेतली. उभं राहून, कोबीच्या पट्ट्यावर शोभेल अशा आवाजात, त्यानं स्वतःच ठराव मांडला की त्या दिवशी मंडळाचा कोणताही सदस्य कोणत्याही निळ्या जर्सीवर एक थेंबही उडवणार नाही, आणि उडवील त्याचं जाकीट काढून घेण्यात येईल. टाळ्या पडल्या. चिटणीस फिरमिननं हळूच विचारलं की प्लाटेवसुद्धा निळ्यातच धरायचा का. अध्यक्षांनी पेला खाली ठेवला आणि ते म्हणाले, धरायचा.

शर्यतीच्या दिवशी पहाटे सगळं गोठलेलं होतं आणि दुपारपर्यंत वितळून त्याची खीर झाली. लांदरच्या मनासारखं. गोदलीव्ह घरीच थांबली होती. ती क्रॉस टीव्हीवर बघते, कारण टीव्हीला आवाज कमी करायचं बटण असतं. ओडीलनं झाडीच्या तोंडाशी असलेली चढण पकडली होती. शेजारी फिरमिन, मागे हिरव्या जाकिटांची रांग, समोरच्या अंगाला नारिंगी डच. झाडीमुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. झाडीतून बाहेर येईल तो थेट पायथ्याशी.

पहिल्या फेरीत प्लाटेव एकटा पुढे आला. ओडीलच्या हातात पेला होता, ठरावात पिण्याला मनाई नव्हती. त्यानं प्लाटेवला चढू दिलं. मग चार डच, मग लांदर. दुसऱ्या फेरीत प्लाटेव, तीन डच, लांदर. पुढच्या फेरीत लांदर तिसरा आला तेव्हा ओडीलचा आवाज असा सुटला की समोरच्या डचांनी कानांवर हात ठेवले. “डावीकडून, लांदर. डावीकडे घट्ट आहे.” लांदर डावीकडून गेला आणि त्याच्यापुढचा डच उजवीकडून घसरला. आता पुढे फक्त प्लाटेव.

शेवटची फेरी लागली. कोण कुठला, ओळखायची सोय उरली नव्हती. माणसं नव्हती, चिखलाचे गोळे पळत होते. झाडीपलीकडे, सायकल बदलायच्या जागेच्या थोडं पुढेच, प्लाटेवचं चाक पंक्चर झालं. पुढची सायकल मिळेपर्यंत त्याला पळावं लागलं आणि लांदर त्याला ओलांडून गेला. कर्ण्यावरचा निवेदक घसा फोडून हेच सांगत होता: पिंकेट पहिला, पिंकेट पहिला. सबंध मैदानानं ते ऐकलं. ओडीलनं ऐकलं नाही, कारण तो स्वतः लांदरचं नाव घेऊन ओरडत होता.

ओडीलच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते त्यानं नंतर गोदलीव्हला सांगितलं. लांदर दुसरा येणार, म्हणजे सोनं वार्सेबेकेला जाणार. त्यांच्या चर्चच्या मनोऱ्यावर प्लाटेवचं चित्र लागणार आणि ते कालव्याच्या या काठावरून, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मरेपर्यंत दिसणार. बशी घासताना प्लाटेव, कॉफी ओतताना प्लाटेव. हातातल्या पेल्यात दोन बोटं बिअर उरली होती, कोमट. हात ठरावाला उपस्थित नव्हता.

झाडीतून पहिला निळा बाहेर आला. मान खाली, सायकल खांद्यावर, सगळा चिखल. पहिला निळा म्हणजे प्लाटेव. एवढ्या फेऱ्यांत दुसरं काही झालं होतं का? “घे प्लाटेव, वार्सेबेकेची अंघोळ,” असं म्हणून ओडीलनं हात सोडला. नेम चुकला नाही. बिअर बरोबर डोळ्यांत गेली. त्या माणसानं मान झटकली, पाय उजवीकडे पडला, आणि सायकलसकट तो अर्धी चढण खाली घसरत गेला.

फिरमिन नुसता “अरे” एवढंच म्हणाला. खाली पडलेल्या माणसानं हातमोज्यानं तोंड पुसलं आणि चिखलाखालून आखूड मान, रुंद जबडा, पिंकेटांचं नाक, असं एकेक बाहेर आलं. लांदर गुडघ्यांवर होता. डोळे मिटलेले, चेहरा वर, कान दिल्यासारखा. ओडीलचा आवाज, जो कारखान्यातल्या कुठल्याही यंत्रापुढे दबला नाही, तो तेव्हा बंद पडला. लांदरनं पुन्हा उजवीकडून चढायचा प्रयत्न केला, पुन्हा घसरला. तेवढ्यात झाडीतून दुसरा निळा आला आणि डावीकडून, घट्ट जमिनीवरून, आरामात वर गेला. तो प्लाटेव होता.

लांदर दुसरा आला. सायकलच्या लांबीएवढ्यानं सोनं गेलं.

टीव्हीनं ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. फेकणाऱ्याचं तोंड डचांच्या झेंड्याआड गेलं होतं. दिसत होता फक्त एक हात, हिरव्या बाहीतला, आणि त्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत ‘पिंकेट’. पिंकेटच्या पाठीराख्यानं पिंकेटला बुडवलं हे सगळ्या देशाला वाचता आलं, कारण अक्षरं मोठी हवीत असा आग्रह होता. प्लाटेवला सोनं गळ्यात घालून विचारलं तेव्हा तो तेच दह्याचं हसू हसला आणि म्हणाला, “ती बिअर माझी होती. आज चुकीच्या पत्त्यावर गेली.”

बसमध्ये चढण्याआधी ओडीलनं जाकीट काढून उलटं घातलं. चिखल लागलाय म्हणाला. सगळ्यांनाच लागला होता. वाटेत तो उठून उभा राहिला आणि त्यानं भाषण केलं की हा वार्सेबेकेचा कट आहे, आपलं एखादं जाकीट चोरून त्यांनीच माणूस पेरला, आणि मी अध्यक्ष या नात्यानं मुळाशी जाणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सगळे खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर तर अंधारच होता.

ओडीलनं चौकशी समिती नेमली आणि तिचा अध्यक्षही तोच झाला. रोझानच्या कॅफेत एकेकाला समोर बसवून तो जबान्या घेऊ लागला. कुणी म्हणे बिअरच्या तंबूत होतं, कुणी बटाट्याच्या रांगेत, कुणी झाडाआड. रोझान पेले पुसता पुसता म्हणाली, “मी इथंच होते, अध्यक्ष. टीव्हीपुढं. सगळं दिसलं मला.” शेवटी फिरमिनची पाळी आली.

“तू कुठं होतास?” ओडीलनं विचारलं.

“तुझ्या शेजारी,” फिरमिन म्हणाला.

“बरं. मग तू सुटलास.”

फिरमिननं आपली बिअर संपवली आणि तो उठून गेला. ओडीलला वाटलं, त्या गडबडीत यानं काही पाहिलेलं दिसत नाही. माणूस मोठा आशावादी असतो. एक गोष्ट मात्र ओडीलनं केली नव्हती: टीव्हीवरचं ते दृश्य त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. ते लागलं की तो संडासात जायचा. त्या आठवड्यात तो इतक्यांदा गेला की रोझाननं त्याला पोटासाठी आल्याचा चहा करून दिला.

मग वार्सेबेकेहून पिंप आलं. बिअरचं, मोठं, त्यांच्या पाठीराखे मंडळाकडून सप्रेम. आणून देणाऱ्या माणसानं ते रोझानच्या कॅफेत दाराशी ठेवलं आणि निरोप सांगितला की ज्यानं फेकली त्यानंच ते उघडायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एवढी फेकली म्हणजे त्याला तहान लागली असणार. सांगताना त्यानं हसू आवरायचा प्रयत्नही केला नाही.

फुकटची बिअर दारात आणि उघडायची नाही, असा प्रसंग क्लायतेगेमवर युद्धातसुद्धा आला नव्हता. लोक आत येताना पिंपाकडे बघायचे, जाताना बघायचे. कुणीतरी त्याच्यावर टोपी ठेवायला लागला. ओडील त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

खरं सांगायचं तर ओडीलचं जेवण सुटलं होतं. त्याला लाज वाटत होती, आणि ती पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे तिचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. लांदर कॅफेकडे फिरकला नव्हता. हा हंगाम शेवटचा, पुढे वडिलांबरोबर डुकरंच बघणार, असं त्यानं जाहीर केलं होतं. ओडील एकदा पिंकेटांच्या वाड्यापर्यंत गेला. फाटकातून लांदर दिसला, पाण्याच्या नळीनं डुकरांचे गोठे धूत होता. पोरगा म्हणून पाहिलेला, अंगाखांद्यावर वाढवल्यासारखा वाढवलेला हा माणूस, आणि त्याचं सोनं आपण दोन बोटं कोमट बिअरमध्ये बुडवलं. फाटक ढकलायला त्यानं हात उचलला, मग तोच डावा हात दिसला, आणि तो मागे फिरला.

मंडळाचं वार्षिक जेवण हिवाळा सरताना एका रविवारी दुपारी असतं: बिअरमध्ये शिजवलेलं मांस आणि दोनदा तळलेले बटाटे. त्या वेळी लांदर आला. दारातल्या पिंपाला वळसा घालून तो नेहमीच्या जागी बसला आणि मुकाट्यानं जेवू लागला. जेवण झाल्यावर अध्यक्षांचं भाषण असतं. ओडील हिरवं जाकीट घालून उभा राहिला. चौकशी समितीचं काम पूर्ण झालं आहे, तो म्हणाला, आणि समितीचा निष्कर्ष असा की गुन्हेगार बाहेरचा आहे. क्लायतेगेमचा माणूस असलं काही करूच शकत नाही. यावर टाळ्या पडायच्या होत्या. एकही पडली नाही.

“काका,” लांदर बसल्या जागेवरून म्हणाला, “एक विचारू का?”

“विचार की.”

“बिअरचं काही नाही. ती कुणी ना कुणी फेकतंच, डोळे पुसले की झालं. पण मी पडलो, आणि तुमचा आवाज बंद झाला. मी गुडघ्यांवर थांबून वाट बघत होतो. डावी बाजू कुठं आहे तेच कळेना मला. तुम्ही ओरडला का नाहीत?”

ओडीलपाशी कटाचं उत्तर होतं, चोरलेल्या जाकिटाचं उत्तर होतं, समितीचा निष्कर्ष होता. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो टेबलं ओलांडत दाराशी गेला, पिंपावरची टोपी काढून बाजूला ठेवली, आणि डाव्या हातानं तोटी ठोकून बसवली. बिअर फसफसत बाहेर आली.

त्याला वाटलं होतं की आता आरडाओरडा होईल. झालं ते एवढंच की सगळं मंडळ पेले घेऊन उठलं आणि त्याच्यामागे रांगेत उभं राहिलं. “एकदाचा उघडलास,” फिरमिन म्हणाला. “शिळी होते की काय अशी धास्ती लागली होती.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?” ओडीलनं विचारलं.

उत्तर गोदलीव्हनं दिलं. ती उठून आली, त्याचं डावं मनगट धरून तिनं सगळ्यांपुढे केलं. हिरव्या कफाची शिवण उसवली होती तिथे लाल दोऱ्याचे टाके होते, लांबूनही दिसतील असे. “हिरवा दोरा आण म्हणून सांगितलं होतं तुला,” ती म्हणाली. “तू म्हणालास, असू दे लाल, कोण बघतंय. सगळ्या देशानं बघितला, ओडील. मी बटाटे सोलत होते, मीही बघितला.” कोंबडं झाकून ठेवणारा ओडील एकटाच होता, बाकीच्यांचं कधीच उजाडलं होतं, आणि ते फक्त बिअरसाठी थांबले होते.

ओडीलनं पहिला पेला भरला आणि तो लांदरपुढे धरला. “चुकलं माझं,” तो म्हणाला, आणि ते इतक्या हळू आवाजात की मागच्या रांगेतल्यांनी काय म्हणाला म्हणून विचारलं.

लांदरनं पेला घेतला. घाई केली नाही. सावकाश, चव घेत प्यायला, आणि तळाशी दोन बोटं उरली तेव्हा थांबला. पेला त्यानं थोडा वेळ मुठीत धरून ठेवला. मग ती दोन बोटं कोमट बिअर त्यानं अध्यक्षांच्या डोळ्यांत मारली. नेम अध्यक्षांइतकाच पक्का होता.

ओडील डोळे घट्ट मिटून उभा राहिला. गालांवरून बिअर ओघळत होती, आणि त्यात थोडं दुसरंही पाणी होतं. “चुरचुरतं रे,” तो नवल वाटल्यासारखा म्हणाला.

“हं,” लांदर म्हणाला. “प्लाटेवला दर रविवारी.”

लोक हसले, रांग पुढे सरकली, तोटी पुन्हा सुरू झाली. ओडील हात पुढे करून चाचपडत निघाला. त्याचा गुडघा बाकावर आपटला, मग टेबलाचा कोपरा लागला, आणि त्याला कुणी धरलं नाही. तो मध्येच थांबला. कुठे जावं ते त्याला कळत नव्हतं.

तेव्हा एरवी बोलायला कंजूष असलेला लांदर ओरडला, खिडकीच्या काचा थरथरतील एवढ्यानं.

“डावीकडून, काका. डावीकडे खुर्ची आहे.”

ओडील डावीकडून गेला आणि बसला.